कासिता: छोट्या घराचा स्पॅनिश शब्द आला कुठून?

ओसरी

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडे, म्हणजे ॲरिझोना, न्यू मेक्सिको, नेवाडा, टेक्सास या भागात राहणाऱ्यांना 'कासिता' हा शब्द घरांच्या जाहिरातींमुळे चांगला परिचयाचा असेल. मुख्य घराच्याच आवारात, पण त्याच्यापासून सुटं असलेलं एक-दोन खोल्यांचं घर. पाहुण्यांसाठी, आईवडिलांसाठी किंवा भाड्यानं देण्यासाठी. शब्द स्पॅनिश आहे आणि त्याची फोड सोपी आहे: कासा म्हणजे घर, त्याला लघुत्वाचा 'इता' प्रत्यय. झालं घरकुल.

पण मला या फोडीच्या मागे जायचं होतं, म्हणून हा धागा.

'कासा' हा शब्द लॅटिनमधून आला आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ घर असा नव्हताच. चांगल्या, शहरी घराला रोमन लोक 'दोमुस' म्हणायचे. 'कासा' म्हणजे खोपट. सातव्या शतकात सेव्हिलचा बिशप इसिदोर यानं शब्दांच्या मुळांचा एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की कासा म्हणजे खांब, फांद्या आणि बोरू विणून केलेला रानातला निवारा, थंडी आणि उन्हापासून माणसाला वाचवणारा. आपल्याकडचं कुडाचं घर तंतोतंत.

खुद्द रोममध्ये पॅलटाइन टेकडीवर 'कासा रोमुली', म्हणजे नगराचा संस्थापक रोम्युलस याची झोपडी, अनेक शतकं जपून ठेवली होती. शेजारी संगमरवरी प्रासाद उठत होते आणि ही गवताची झोपडी मोडली, जळाली की पुन्हा जुन्या पद्धतीनंच दुरुस्त केली जायची. ती रोम्युलसची होती की नाही हा श्रद्धेचा भाग, पण त्याच टेकडीच्या खडकात लोहयुगातल्या झोपड्यांच्या खांबांचे खळगे सापडलेले आहेत. त्या जागी खोपटं होती हे खरं.

पुढे साम्राज्य विस्कटलं, बोलीभाषा वेगवेगळ्या वाटांनी गेल्या, आणि सामान्य माणसाच्या तोंडचा 'कासा' वर चढला. स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन या तिन्ही भाषांत घर म्हणजे कासा. दोमुस मात्र मागे पडला. इटालियनमध्ये तो देवाच्या घरापुरता, 'दुओमो' म्हणजे मुख्य चर्च या अर्थानं उरला. सार्डिनिया बेटावर लोक आजही घराला 'दोमु' म्हणतात, तेवढा एक जिवंत अवशेष. फ्रेंचांनी घरासाठी तिसराच शब्द घेतला (मेझाँ), पण 'अमक्याकडे' या अर्थाचं त्यांचं 'शे' हे अव्यय म्हणजे झिजलेला कासाच.

म्हणजे झोपडीचा शब्द घराचा झाला, आणि मग छोट्या घरासाठी त्यालाच प्रत्यय लावून पुन्हा लहान करावं लागलं. मला या शब्दाच्या प्रवासातला हा भाग सगळ्यात आवडतो. तुम्हाला या कुळातले आणखी शब्द माहीत असतील तर लिहा. विशेषतः गोव्याकडच्या मंडळींनी.

तगर

छान धागा. दोन शंका. पुण्यातली कसबा पेठ, कसबे हे या कासाचे कोणी लागतात का? आणि कॅसेट? त्यातही शेवटी 'एट' हा लघुत्वाचाच प्रत्यय दिसतोय.

ओसरी

तगर, दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे, पण दोन्ही शंकांमधून काहीतरी हाती लागतं.

कसबा अरबी 'कसबा'वरून आला. गंमत अशी की तोच अरबी शब्द 'अल' या उपपदासकट स्पॅनिशमध्येही गेला आणि तिथे 'अल्कासाबा' झाला. मालागा, आल्मेरिया इथले मुस्लिम काळातले बालेकिल्ले याच नावानं ओळखले जातात. तेव्हा कसबा पेठेचा नातलग स्पेनमध्ये आहे खरा, फक्त तो कासिता नव्हे.

कॅसेटचं मूळ लॅटिन 'काप्सा', म्हणजे पेटी. छोटी पेटी ती कॅसेट. प्रत्यय मात्र बरोबर ओळखलात. लॅटिनच्या उत्तरकाळात 'इत्तुस' असा एक लघुत्वाचा प्रत्यय आला. त्याचे स्पॅनिशमध्ये इतो-इता झाले, इटालियनमध्ये एत्तो-एत्ता, फ्रेंचमध्ये एट. किचनेटमधला आणि कासितातला प्रत्यय सख्खे.

सुईदोरा

आमचं दुकान शिलाईचं, त्यामुळे मी एका वेगळ्या कासाबद्दल लिहितो. शर्टाला बटण जिथं अडकतं त्या छिद्राला आपण 'काज' म्हणतो. काज-बटण करणारा कारागीर वेगळा असतो, काजाचं मशीन वेगळं असतं. कामकाजातला 'काज' संस्कृत कार्यावरून आला. बटणाच्या काजाशी त्याचा संबंध नाही. हा काज पोर्तुगीज 'कासा'. पोर्तुगीजमध्ये बटणाच्या छिद्राला बटणाचं घर म्हणतात, आणि तिथून तो मराठीत, हिंदीत आणि इतर भाषांत आला. बटण हाही त्यांच्याचकडचा 'बोतांव'.

हे कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता की आठवडाभर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होतो. आपल्या अंगावरच्या सदऱ्याला पाच-सहा कासे शिवलेले असतात.

मांडवीकाठ

सुईदोरा, फार मोलाची माहिती दिलीत. त्याला थोडी जोड देते.

पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांच्या मधला 'स' मऊ होतो, त्यामुळे ते लोक कासा न म्हणता साधारण 'काझा' म्हणतात. स्पॅनिशमध्ये मात्र तो स्वच्छ 'स'च राहतो. आपल्या काजात शेवटी 'ज' आहे, 'स' नाही, हाच तो शब्द पोर्तुगीजमधून आल्याचा पुरावा. शिवाय स्पॅनिशमध्ये बटणाच्या छिद्राला घर म्हणतही नाहीत, 'ओहाल' म्हणतात. तो शब्द डोळ्यावरून आला आहे.

हे सगळं काम ज्यांनी पद्धतशीर केलं ते गोव्याचेच. मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गाद, जन्म १८५५, गाव आसगाव. आशियाई भाषांवरचा पोर्तुगीज शब्दांचा प्रभाव हा त्यांचा ग्रंथ १९१३ मध्ये कोइंब्राहून निघाला. मराठी, कोंकणीपासून मलय, जपानीपर्यंत एकेक पोर्तुगीज शब्द कुठे आणि कोणत्या रूपात पोचला हे त्यांनी त्यात नोंदवलं आहे. बटाटा, पगार, चावी, घमेलं, परात ही यादी आपण सगळे शाळेत ऐकतो, पण त्या यादीमागे या माणसाची केवढी मेहनत आहे हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्यांचं नाव अधिक घेतलं जायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरा शब्द, जो पणजीत रोज ऐकू येतो: कॅसिनो. हाही छोटं घरच! इटालियनमध्ये 'कासा'ला 'इनो' प्रत्यय लागून कासिनो झाला. आधी बागेतलं विश्रांतीचं घर, मग मित्रमंडळींनी जमायची जागा, नंतर गाणं-नाच-जुगार. व्हेनिसमध्ये सान मार्कोच्या आसपास श्रीमंतांच्या अशा खासगी खोल्या खूप होत्या. सरकारनं १६३८ मध्ये 'रिदोत्तो' हे जुगारघर अधिकृतपणे उघडलं आणि १७७४ मध्ये ते बंद केलं. मांडवीतल्या जहाजांवर दिवे झगमगतात तो शब्द मुळात बागेतल्या घरकुलाचा आहे. व्हॅटिकनच्या बागेत आजही चौथ्या पायस या पोपचं सोळाव्या शतकातलं कासिनो उभं आहे आणि त्यात पोपच्या विज्ञान अकादमीचं कार्यालय आहे.

आणि तिसरा, जो आमच्या चर्चमध्ये दर रविवारी दिसतो. मिस्साच्या वेळी पाद्री सगळ्यात वरून जो घेरदार, बिनबाह्यांचा झगा घालतात, त्याचं लॅटिन नाव 'कासुला', म्हणजे लहानसा कासा. ओसरींनी ज्याचा उल्लेख केला त्याच इसिदोरनं कारण दिलंय: हे वस्त्र एखाद्या छोट्या घरासारखं सगळा माणूस झाकून टाकतं. स्पॅनिशमध्ये त्याचं 'कासुया' झालं.

वाळवंटी

मी फिनिक्सजवळ राहतो. इथे कासिता म्हणजे नेमकं काय, हे थोडं सांगतो, कारण जाहिरातीतला शब्द आणि प्रत्यक्षातली खोली यांत फरक असतो.

बिल्डर ज्याला कासिता म्हणतो, ती बऱ्याचदा मुख्य घराच्या पुढच्या चौकातली एक खोली असते. न्हाणीघर असतं, दार स्वतंत्र असतं, पण स्वयंपाकघर नसतं. नगरपालिकेच्या दृष्टीनं ती पाहुण्यांची खोली. त्यात चूल आली की ते दुसरं राहतं घर ठरतं आणि नियम बदलतात. घर बघायला जाणाऱ्यांनी हा प्रश्न आधी विचारावा. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबानं 'कासितासह' असं वाचून घर घेतलं आणि आईसाठी वेगळी शेगडी बसवायला गेल्यावर त्यांना परवानगी मिळाली नाही. गावोगावचे नियम वेगळे, आणि त्यावर वसाहतीच्या संस्थेचे आणखी वेगळे.

२०२४ मध्ये इथल्या विधिमंडळानं एक कायदा केला, ज्याला बातम्यांत सगळे 'कासिता विधेयक'च म्हणत होते. ७५,००० पेक्षा जास्त वस्तीच्या शहरांनी एका कुटुंबाच्या घराच्या जागेवर असं जोडघर बांधू द्यायलाच हवं, असं त्यात आहे. गव्हर्नर केटी हॉब्ज यांनी मे महिन्यात सही केली. घरांचे भाव आणि भाडी इतकी चढली होती की जागा वाढवण्याचा हा एक मार्ग म्हणून दोन्ही पक्षांतले लोक तयार झाले. कॅलिफोर्नियानं ही वाट आधीच, २०१७ पासून मोकळी केली होती, पण तिकडे सरकारी नाव रुक्ष आहे. इकडे लोकांनी कासिता हेच नाव धरून ठेवलं.

आपल्या मराठी घरांना ही रचना पटते याचं कारण उघड आहे. आईबाबा येतात ते सहा-सहा महिने राहतात. बाबांना पहाटे साडेचारला उठून रेडिओ लावायचा असतो, नातवाला आठपर्यंत झोपायचं असतं. मधे चौक असला की दोघांचंही चालतं. संध्याकाळी जेवायला सगळे एकत्र. आमच्याकडे बाबा तिला 'माझी खोली' म्हणतात, आई 'तिकडचं घर' म्हणते.

निंबोणी

वाळवंटी, तुमच्या आईबाबांवरून एक स्पॅनिश म्हण आठवली: 'एल कासादो कासा किएरे'. लग्न झालेल्याला घर हवं असतं, म्हणजे नव्या जोडप्यानं वेगळं राहावं. या म्हणीत शब्दांचा खेळ आहे, कारण स्पॅनिशमध्ये लग्न करणे या अर्थाचं क्रियापदच 'कासार' आहे आणि ते कासावरून बनलंय. लग्न म्हणजे घर थाटणं. मराठीतला संसारही थाटावाच लागतो.

इथे मला ओसरींच्या मागे पडलेल्या दोमुसची बाजू घ्यायची आहे. दोमुस मेला नाही, तो आपल्याकडे आहे. वैदिक संस्कृतात 'दम' म्हणजे घर. दमाचा पती तो दंपती, मूळ अर्थ घरधनी. द्विवचनात घरधनी आणि घरधनीण, म्हणून नवराबायको. लॅटिन दोमुस आणि संस्कृत दम हे एकाच मुळाचे. लग्नपत्रिकेत आपण 'दांपत्यजीवन' लिहितो तेव्हा रोमन लोकांच्या घराचा सख्खा चुलतभाऊ लिहीत असतो. तिकडे दोमुस हरला आणि लग्न कासाशी जोडलं गेलं, इकडे आपण दैनंदिन वापरात गृहापासून आलेलं 'घर' घेतलं आणि लग्नात मात्र दम टिकवला. या शब्दानं मी कॉलेजात असताना भाषाशास्त्राकडे ओढली गेले, म्हणून राहवलं नाही.

तगर

वा! निंबोणीताई, दंपतीचं हे ठाऊक नव्हतं. आणि कासाचं दुसरं टोक? ते संस्कृतपर्यंत जात नाही का?

निंबोणी

नाही. लॅटिन कासाच्या मुळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. दोमुससारखे त्याचे चुलतभाऊ भाषाकुळात सरळ दाखवता येत नाहीत.

दुपारवारा

इतक्या चर्चेत न्यूयॉर्कच्या कासिता राहिल्या, त्यावर जरा सविस्तर लिहितो. माझ्या मते या शब्दाचा सगळ्यात जिवंत अर्थ ॲरिझोनाच्या जाहिरातींत नाही, साउथ ब्रॉन्क्समध्ये आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटावरून लाखो लोक कामासाठी न्यूयॉर्कला आले. १९१७ पासून ते अमेरिकी नागरिक, त्यामुळे यायला आडकाठी नव्हती. पण वाट्याला आल्या त्या जुनाट चाळवजा इमारती. १९७० च्या दशकात साउथ ब्रॉन्क्समध्ये आगींचं सत्र सुरू झालं. घरमालकांनी इमारती वाऱ्यावर सोडल्या, काहींनी विम्यासाठी पेटवल्या, महापालिकेनं काटकसरीत अग्निशमन केंद्रं कमी केली. गल्ल्याच्या गल्ल्या रिकाम्या झाल्या, भूखंडांवर विटांचे आणि कचऱ्याचे ढीग राहिले.

त्या ढिगांवर पोर्तो रिकन शेजाऱ्यांनी हातांनी साफसफाई केली आणि लाकडाची छोटी घरं उभी केली. पुढे ओटी, वर पत्रा, भडक निळा-हिरवा-गुलाबी रंग, भोवती मिरच्या, मका, घेवडा, कुठे कोंबड्या. समोर झाडून लख्ख केलेलं अंगण, ज्याला ते 'बातेय' म्हणतात. हा शब्द स्पॅनिश नव्हे, बेटावरच्या मूळ ताइनो लोकांचा, जसा गवती झोपडीसाठी त्यांचा 'बोइयो' आहे. या घरांचा आकार बेटावरच्या खेडुतांच्या घरांवरून घेतलेला. यांत कुणी राहत नसे. दुपारी डॉमिनोज खेळायला, रविवारी एकत्र जेवायला, मुलांना ढोलके शिकवायला ही जागा. यांचं नाव कासिता.

यातली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे मेलरोज भागातली 'रिंकोन क्रिओयो', जिला लोक 'कासा दे चेमा' म्हणतात. होसे मानुएल सोतो ऊर्फ चेमा यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ती उभी केली. बोंबा आणि प्लेना या पोर्तो रिकोच्या ढोलवादनाच्या परंपरा त्या ओटीवर पुढच्या पिढीकडे गेल्या. प्लेनामधला पांदेरेता हा वाद्यप्रकार आपल्या डफाचा भाऊबंद.

जमीन मात्र बहुतेक ठिकाणी महापालिकेची होती, त्यामुळे बुलडोझरची टांगती तलवार कायम. १९९९ मध्ये महापौर जुलियानी यांनी शंभराहून जास्त सामुदायिक बागांचे भूखंड लिलावात काढायचं ठरवलं. मोठं आंदोलन झालं आणि दोन संस्थांनी पैसे उभे करून ते भूखंड वाचवले. चेमांच्या कासितालाही पुढे घरबांधणीसाठी जुनी जागा सोडून जवळच नव्या जागी जावं लागलं. लोकांनी ती तिथं पुन्हा बांधली.

ज्यांनी २०२५ मध्ये बॅड बनी या पोर्तो रिकन गायकाचे बेटाच्या राजधानीतले, सान हुआनमधले कार्यक्रम पाहिले असतील त्यांना प्रेक्षागृहात उभारलेलं गुलाबी-पिवळं घर आठवेल. तीही 'ला कासिता'च. ते घर बघून परदेशात वाढलेली पोर्तो रिकन माणसं का रडत होती, ते ब्रॉन्क्सचा इतिहास माहीत असला की समजतं.

ओसरी

दुपारवारा, तुमच्या प्रतिसादानं धाग्याचं सोनं झालं. यात एक मुद्दा आहे ज्यावर मला बोलायचं आहे. ब्रॉन्क्समधल्या घराला कासिता म्हणताना 'इता' आकार सांगत नाही, ते माझं आहे असं सांगतो. स्पॅनिशमध्ये आजी आबुएलिता होते, कॉफी काफेसितो होते, मेक्सिकोत 'आत्ता'चं आओरिता होतं. त्यात काहीच लहान होत नाही.

तगर

इथे मी थोडी असहमत आहे. प्रेम हा अर्थ नंतरचा. मूळ काम आकार लहान करण्याचंच. पाहा ना: मॉस्किटो म्हणजे छोटी माशी, बुरिटो म्हणजे छोटं गाढव. 'इया' हा दुसरा प्रत्यय घेतला तर टॉर्टिया म्हणजे छोटा केक, व्हॅनिला म्हणजे छोटी शेंग, आणि गनिमी काव्यासाठी आपण वापरतो तो 'गुरिल्ला' म्हणजे छोटं युद्ध. १८०८ नंतर स्पेनमध्ये नेपोलियनच्या फौजांविरुद्ध छोट्या तुकड्या लढल्या, तेव्हा तो जगभर गेला. सगळीकडे आकारच.

निंबोणी

तगर, त्या जुन्या, घट्ट झालेल्या शब्दांत आकार आहेच. पण बोलताना नव्यानं लावलेल्या प्रत्ययात भाव येतो. माद्रिदजवळ एल एस्कोरियालला 'कासिता देल प्रिन्सिपे' आहे, राजपुत्राचं घरकुल. अठराव्या शतकात हुआन दे विइयानुएवा या वास्तुकारानं बांधलं. शेजारच्या अवाढव्य राजवाड्यापुढे ते लहान, पण आत भिंतीभर रेशीम आणि चित्रं आहेत. त्याला झोपडी कुणी म्हणणार नाही. आणि घर खरोखर दरिद्री असेल तर स्पॅनिश माणूस कासिता म्हणत नाही, 'कासुचा' म्हणतो. त्यात तुच्छता आहे. प्रचंड वाडा तो 'कासेरोन', जत्रेतला तंबू 'कासेता'. प्रत्येक प्रत्ययाची वृत्ती वेगळी.

'कासिया' तर फारच दूर गेला. अर्जावरचा चौकोन, टपालपेटी आणि बुद्धिबळाच्या पटावरचं घर! आपणही घोडा अडीच घरं चालतो असंच म्हणतो. फिलिपिन्समध्ये याच शब्दाचं 'कासिल्यास' झालं आणि त्याचा अर्थ शौचालय.

सुईदोरा

मराठीत आपण लिंग बदलून लहान करतो. वाडा-वाडी, डबा-डबी, गाडा-गाडी, विळा-विळी. घर नपुंसकलिंगी असल्यामुळे त्याला ही सोय नाही, म्हणून घरकुल, घरटं.

आणि ओसरींनी झोपडीचं घर झालं म्हटलं, तसा आपला बंगला. बंगाली पद्धतीचं साधं, बुटकं, एकमजली घर. मराठीत तो श्रीमंतीची खूण झाला. स्पॅनिशमध्ये मात्र 'बुंगालो' म्हणजे सुट्टीत राहायचं लहान घरच.

वाळवंटी

एक व्यावहारिक प्रश्न. बाबांच्या दारावर मराठीत पाटी लावायची आहे. कासिता, कासीता की कसिता? इथले इंग्रजी बोलणारे 'कसीटा' म्हणतात.

मांडवीकाठ

'कासिता' लिहा. स्पॅनिश 'त' दंत्य आहे, आपल्या 'त'सारखाच, तेव्हा ट नको. आघात मधल्या 'सि'वर, म्हणून बोलताना तो किंचित लांबतो, पण स्पॅनिशमध्ये ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही. पहिला 'का' पूर्ण उच्चारा. शब्द स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे उपपद लावलंत तर 'ला कासिता', आणि बाबांची म्हणून लिहायची असेल तर 'मी कासिता'. तिथे 'मी' म्हणजे 'माझी'. मराठी वाचणाऱ्याचा घोटाळा होईल, म्हणून नुसतं 'कासिता' बरं. खाली बाबांचं नाव.

वाळवंटी

ठरलं. पाटी सागवानी घेतोय, अक्षरं पितळी. रंगाबद्दल आईचं मत घ्यायचं बाकी आहे.